शांघायमधला ‘डोंबाऱ्याचा खेळ’

चीनच्या सहलीची कोणतीही कार्यक्रमपत्रिका उघडावी, तीत एक संध्याकाळ ‘ॲक्रोबॅटिक शो’च्या नावे राखून ठेवलेली आढळते. सकाळी रेशमाचा कारखाना, दुपारी मोत्यांचे दुकान, मध्येच कुठेतरी चहाचे प्रात्यक्षिक, आणि रात्री कसरती. यांपैकी पहिल्या तीन ठिकाणी आपल्याला काहीतरी विकले जाणार आहे हे आत पाऊल टाकताच ध्यानी येते. चौथ्या ठिकाणी नेमके काय विकले जाते, हे ठरवणे तितके सोपे नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही अठ्ठावीस जण शांघायमध्ये होतो. बहुतेक मंडळी निवृत्त, पुण्या-मुंबईकडची, काही सांगली-मिरजेची. आमचा गाईड चाळिशीच्या आसपासचा, सडसडीत, फारसा न हसणारा. हातात पिवळा झेंडा आणि इंग्रजी अगदी मोजके, पण स्वच्छ. बसमध्ये त्याने तीन सूचना दिल्या: छायाचित्रे काढू नका, खेळ चालू असताना उठू नका, आणि संपल्यावर डावीकडच्या दाराने बाहेर या. खेळाविषयी तो एक अक्षरही बोलला नाही. सकाळी रेशीमकिड्यावर अर्धा तास प्रवचन देणाऱ्या माणसाचे हे मौन मला थोडे विचित्र वाटले होते.

‘शांघाय सर्कस वर्ल्ड’ ही सोनेरी घुमटाची इमारत १९९९ मध्ये उभी राहिली. ती आहे शहराच्या उत्तर अंगाला, जुन्या झाबेइ भागात. (२०१५ मध्ये हा भाग जिंगआन जिल्ह्यात विलीन झाला.) मेट्रोच्या पहिल्या मार्गावर या नावाचे स्थानकच आहे, म्हणजे गाईडवाचूनही इथे सहज येता येते. आम्ही पाहिला तो प्रयोग ‘एरा’ या नावाने २००५ पासून चालू होता; त्याच्या चिनी नावाचा अर्थ ‘स्थलकालाची यात्रा’ असा काहीसा होतो. त्याच्या दिग्दर्शनात डेब्रा ब्राउन या कॅनेडियन नृत्यरचनाकर्तीचा वाटा होता. ‘सर्क द्यु सोलेल’च्या प्रयोगांमुळे हे नाव पुष्कळांना परिचित असेल. त्यामुळे धूर, आरसे, पाण्याचे पडदे, जिवंत वाद्यवृंद असा सारा पाश्चात्य थाट होता. तो थाट मला विशेष रुचला नाही. दोन माणसे एका रेशमी पट्ट्याला लोंबकळत हवेत फिरत असताना त्यांच्यावर जांभळा प्रकाश टाकून ते प्रेमिक आहेत असे सुचवण्याची गरज काय, हे मला कळत नाही. ती दोन माणसे हवेत आहेत एवढे पुरेसे आहे.

येथे एक शब्दाची गंमत नमूद करावीशी वाटते. चिनी भाषेत सर्कशीला ‘माशी’ म्हणतात. अक्षरशः ‘घोड्यांचा खेळ’. कसरतींना शब्द आहे ‘झाजी’, म्हणजे ‘संकीर्ण कौशल्ये’. हा दुसरा शब्द आजच्या अर्थाने रूढ करण्याचे श्रेय चौ एन लाय यांना दिले जाते. १९५० मध्ये राष्ट्रीय कसरत-पथक स्थापन झाले आणि रस्त्यावर, जत्रेत, देवळापुढे चालणारे खेळ एका छत्राखाली, सरकारी पगारावर आले. पुढे निक्सन यांच्या चीनभेटीनंतर १९७२ च्या अखेरीस शेनयांगचे पथक अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा डोक्यावर ताटल्या फिरवणारी माणसे हा परराष्ट्रधोरणाचा भाग झालेला होता.

खेळ अर्थातच याहून फार जुने. हान काळातल्या चांग हंग (इ.स. ७८ ते १३९) या विद्वानाने चांगआन नगरीचे, म्हणजे आजच्या शीआनचे, एक दीर्घ वर्णन लिहिले आहे. भूकंपाची दिशा सांगणारे यंत्र बनवणारा तो हाच. त्या वर्णनात उंच खांबावर चढणारे, चेंडू आणि तलवारी झेलणारे, अणकुचीदार पात्यांनी वेढलेल्या अरुंद कड्यातून सूर मारणारे असे खेळाडू येतात. दोरावर दोन टोकांनी निघून मध्ये एकमेकांना भेटणारेही येतात. शांडोंग प्रांतातल्या यीनान येथे १९५४ मध्ये उत्खनन झालेल्या थडग्यात या दोरावरच्या माणसांचे शिल्पच आहे, आणि दोराखाली तलवारी टोके वर करून रोवलेल्या आहेत. त्याहून मला जवळची वाटतात ती छिन सम्राटाच्या दफनस्थळी १९९९ मध्ये एका खड्ड्यात सापडलेली कसरतपटूंची मातीची शिल्पे. इतर खड्ड्यांतले सैनिक चिलखतात ताठ उभे. हे मात्र उघड्या अंगाचे, त्यांतला एखादा तर चांगला पोट सुटलेला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कारागिराने कसरतपटूचे शरीर प्रत्यक्ष निरखले होते आणि ते सुंदर करून दाखवण्याच्या फंदात तो पडला नव्हता.

असो. प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळतो.

चिनी मातीचा एक भला मोठा रांजण घेऊन एक पुरुष एकटाच रंगमंचावर येतो. तो रांजण वर फेकतो आणि मानेवर झेलतो, कपाळावर काठ टेकवून तिरका तोलतो, फिरवतो. यात धूर नाही, आरसे नाहीत. प्रत्येक झेलीला मानेवर आदळल्याचा एक बद्द आवाज येतो, आणि आमच्या रांगेपर्यंत तो स्पष्ट ऐकू येत होता. सबंध प्रयोगात मला सर्वाधिक आवडलेली ही दहा मिनिटे.

त्यानंतर कड्यांचा खेळ. टेबलावर एकावर एक चार कड्या रचलेल्या, सर्वांत वरची माणसाच्या डोक्याच्याही वर. मुले धावत येतात आणि एकामागून एक आरपार जातात, कुणी सरळ, कुणी उलटी कोलांटी घेत, कुणी अंगाची घडी करून पाय आधी घालत. चांग हंगने वर्णिलेलाच हा खेळ, फक्त पाती काढून टाकलेली. शेवटी एकाने सर्वांत वरच्या कडीतून उलटी उडी घेतली, आणि त्याची टाच लागून कडी खाली आली. प्रेक्षागृहात ‘अरेरे’ उमटले. त्याने कडी पुन्हा रचली, दूर गेला, धावला. पुन्हा तीच कडी पडली. आता टाळ्या सुरू झाल्या, उत्तेजनाच्या. तिसऱ्या खेपेस तो स्वच्छ पार झाला आणि सबंध संध्याकाळीतला सर्वांत मोठा गजर त्या वेळी झाला.

सर्कसवाले मुद्दाम चुकतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. सहज साधले तर प्रेक्षकांना ते सोपे वाटते. म्हणून एकदा चुकायचे, मग साधायचे. पण दुसऱ्यांदा कडी पडली तेव्हा त्या मुलाने विंगेकडे एक क्षणभर पाहिले. ते पाहणे प्रयोगातले होते असे मला वाटत नाही.

माझ्या शेजारी मिरजेचे एक आजोबा बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, “हा आपला डोंबाऱ्याचा खेळच की हो! याचे एवढे पैसे घेतले?” आजींनी त्यांना गप्प केले. पण त्यांचे म्हणणे वस्तुतः खरे होते. कोल्हाटी-डोंबारी समाजांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या चव्हाट्यावर शतकानुशतके जे केले, ते यापेक्षा वेगळे नाही: दोर, बांबू, ढोलके, एक मूल आणि पुढे पसरलेली चादर. फरक पडला तो चादरीच्या जागी तिकीटखिडकी आल्याने. आपल्याकडेही ती आली होती. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. ते स्वतः घोड्यांचे शिक्षक, म्हणजे चिनी अर्थाने खरेखुरे ‘माशी’वाले. त्यांच्याच प्रेरणेने केरळात तलश्शेरीला सर्कशीचे शिक्षण सुरू झाले आणि पुढे भारतीय सर्कस म्हणजे मल्याळी सर्कस असे समीकरण झाले. डोंबारी मात्र चव्हाट्यावरच राहिला. आपल्या भाषेत तर ‘डोंबाऱ्याचा खेळ’ ही नाचक्कीची उपमा होऊन बसली. ज्याला चिनी राज्याने पगार आणि पारपत्र दिले, त्याला आपण एक वाक्प्रचार दिला.

मात्र पगार आणि पारपत्र दिल्याने सारे प्रश्न मिटतात असेही नाही, आणि त्याची जाणीव पुढच्याच खेळात झाली. एक मुलगी एका उंच बैठकीवर हातांवर उभी राहिली, आणि तिने पाठ मागे इतकी वाकवली की पाय डोक्यावरून पुढे येऊन हनुवटीखाली टेकले. तशाच स्थितीत ती एका हातावर आली. तिच्या चेहऱ्यावर लावलेले हसू क्षणभरही ढळले नाही. ती किती वर्षांची असेल? मला अकरा-बारा वाटली. आजी म्हणाल्या, “आमच्या नातीएवढीच आहे.” मी टाळ्या वाजवल्या, आजींनी वाजवल्या नाहीत. माझ्या टाळ्या चुकीच्या होत्या असे मला वाटत नाही, कारण मुलगी तिथे उभी होती आणि तिने जे केले ते अद्भुत होते. पण आजींचे हात मांडीवर स्थिर होते, हेही मी विसरलेलो नाही.

अखेरच्या खेळात जाळीच्या गोळ्यात एकामागून एक आठ मोटारसायकली शिरतात. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे वर्णन नको. सहावी शिरल्यावर मी मोजणे सोडले. आठ होत्या हे नंतर कळले.

बसमध्ये बसताच आजींनी गाईडला विचारले, “त्या मुलीचे वय काय?” तो म्हणाला, “सोळा.” कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि तो बसणार नाही हे त्यालाही अपेक्षित असावे. जरा थांबून तो म्हणाला, “वय कमी दिसते. लहानपणी सुरू केले की वाढ उशिरा होते.” मग त्याने आपण होऊन सांगितले की तो स्वतः हबेइ प्रांतातला. वुछियाव परगण्याच्या जवळचा. कसरतींचे माहेर म्हणून वुछियाव प्रसिद्ध आहे. १९८७ पासून त्याच्या नावाने आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. आठव्या वर्षी वडिलांनी त्याला कसरतीच्या शाळेत घातले, बाराव्या वर्षी मनगट मोडले, नीट जुळले नाही, आणि तो परत आला. शाळेत चारच गोष्टी शिकवतात, तो म्हणाला, आणि बोटे मोडत सांगितल्या: कंबर, पाय, कोलांटी, हातांवर उभे राहणे. बाकी सगळे यांतूनच निघते. हातांवर उभे राहायला भिंतीशी सुरुवात होते, आणि गुरुजी घड्याळ बघत असतात.

“रडत होतास का?” आजींनी विचारले. “सगळे रडतात,” तो म्हणाला. “भिंतीकडे तोंड असते.”

मी कड्यांविषयी विचारले: दुसऱ्यांदा पडली ती मुद्दाम का? त्याने उत्तर देण्यास थोडा वेळ घेतला. पहिली असेल, दुसरी नाही, असे त्याचे मत पडले. ‘म्हणजे तू आत होतास?’ असे विचारण्याचे माझ्या ओठांवर आले होते. तो आम्हाला दारापाशी सोडून बाहेरच थांबणार होता. पण मी विचारले नाही.

आता शहरातली मुले या शाळांत येत नाहीत, हे त्याने पुढे सांगितले. एकुलते एक मूल कोण देईल? २०१६ पासून दुसऱ्या अपत्याची मुभा मिळाली, तरी ती मुले पियानो शिकतात. शाळांना मुले मिळतात ती दूरच्या, गरीब परगण्यांतून. त्याच्या स्वतःच्या मुलाला पोहायलाही तो घालीत नाही. चष्मा आहे, अभ्यास करतो.

हे ऐकताना मला आपल्याकडचे दोन देखावे एकदम आठवले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली, आणि ती योग्यच होती. दुसरीकडे दादरच्या शिवाजी पार्कवर पाच-सहा वर्षांची मुले संध्याकाळी मल्लखांबावर उलटी लटकलेली असतात आणि कट्ट्यावर त्यांचे आईवडील पाण्याच्या बाटल्या घेऊन कौतुकाने बसलेले असतात. वाकणारी पाठ एकच. एकीला आपण शोषण म्हणतो, दुसरीला संस्कार. दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत हे मी मानतो. शिवाजी पार्कवरचे मूल साडेसातला घरी जाते आणि उद्या नको म्हणू शकते, हा फरक लहान नाही. परंतु रस्त्यावरच्या डोंबाऱ्याच्या मुलीचा तोल पाहून ज्यांना केवळ दया वाटते, कौशल्य दिसतच नाही, त्यांच्या दयेत जातीचा अंश किती, हेही कधीतरी तपासावे लागेल.

आजींची नातही मल्लखांब शिकत होती. त्यांनी मोबाइल काढला आणि गाईडला चित्रफीत दाखवली: शाळेचे मैदान, लाकडी खांब, नऊ-दहा वर्षांची मुलगी खांबाला पायांनी आवळून पाठ मागे टाकते आहे. रात्रीच्या उड्डाणपुलावरून बस जात होती, दिवे त्या काचेवरून सरकत होते. त्याने फोन हातात घेतला, एकदा पाहिली, मागे नेऊन पुन्हा पाहिली. मग बोटाने पडद्यावर मुलीच्या खांद्यापाशी खूण केली आणि म्हणाला, “हा खांदा आत येतो आहे. शिक्षकांना सांगा.” आजींनी मान डोलावली.

“रोज किती तास?” त्याने विचारले.

“रोज नाही रे. आठवड्यातून तीन दिवस, एक-एक तास.”

त्या आठ दिवसांत मी त्याला प्रथमच मोकळेपणाने हसताना पाहिले. “मग ठीक आहे,” असे म्हणून त्याने फोन परत दिला, झेंडा गुंडाळला, आणि माईक हातात घेऊन सकाळी साडेसहाला सामान खोलीबाहेर ठेवण्याची सूचना केली.