पांढरी पिशवी

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओल सांगण्यात यांचा हात कुणी धरत नसे. त्याच सोयाबीनचं तेल यांच्या शिरेतून जाताना मी पाहिलं.

आतड्याला रक्त नेणारी वाहिनी गुठळीनं बंद झाली. काळं पडलेलं आतडं कापून काढलं. लहान आतडं 6 मीटरच्या आसपास असतं. यांचं 70 सेंटिमीटर उरलं. खाल्लेलं अंगी लागेना, म्हणून छातीजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातली. पिशवीला तीन कप्पे : ग्लुकोज, अमिनो आम्लं, तेल. सिस्टर ती वरून गुंडाळत दाबायच्या, मधल्या शिवणी सुटायच्या आणि सगळं दुधासारखं पांढरं व्हायचं. मी रोज त्या पिशवीला मनातल्या मनात हात जोडायचे.

सातव्या आठवड्यात खिडकीपाशी यांचं तोंड पुसताना डोळे पिवळे दिसले. बिलिरुबिन 6.4. फाइल चाळली, तर दोन आठवड्यांपूर्वीच 2.8 होतं. कुणी बोललं नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.

सोनोग्राफीत पित्ताची वाट मोकळी निघाली, रक्तात जंतू सापडले नाहीत. मग पोषणाचे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "काकू, सोयाबीन तेलात वनस्पतींचे स्टेरॉल असतात. तोंडानं घेतले तर ते उलट कोलेस्टेरॉल कमी करतात, कारण आतडं त्यातले शंभरातले पाचही आत घेत नाही, बाकीचे माघारी लोटतं. शिरेतून दिले की मध्ये तो पहारेकरीच नाही. रक्तात साठतात, यकृतातून पित्त बाहेर पडणं मंदावतं." कावीळ एवढ्यानंच होते असं नाही, आतडं तोकडं आणि तोंड बंद हेही आहेच, पण तेल आपल्या हातात आहे, म्हणाले.

नव्या तेलात सोयाबीन 30 टक्केच. खोबरं-पामपासून मिळणारं स्निग्ध 30, ऑलिव्ह 25 आणि माशाचं 15.

माशाचं म्हटल्यावर मी गप्प झाले. हे माळकरी. ऑपरेशनला नेताना उतरवलेली तुळशीची माळ माझ्या पर्समध्ये रुमालात बांधलेली. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं : तेल पाण्यात मिसळून राहावं म्हणून आधीच्या पिशवीतही अंड्याच्या बलकातला घटक होता. हे पहिल्याच दिवशी कानावर घालायला हवं होतं. जीव वाचवायचा म्हणून हो म्हटलंच असतं, पण विचारायला हवं होतं.

मी यांना काही न लपवता सांगितलं. बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लावू दे. मला विचारलंस, बरं केलंस."

तेल बदललं, प्रमाण उतरवलं, चोवीस तासांची पिशवी रात्रीच्या बारा तासांवर आणली. दिवसा चमचा-चमचा पेज. आकडा उतरू लागला : 5.1, 3.3, आणि बाराव्या आठवड्यात 1.4.

परवा पेज भरवताना म्हणाले, "माळ कुठाय?" मी रुमालाची गाठ सोडली. त्यांनी माळ कपाळाला लावली, गळ्यात घातली नाही. "हे तेल चालू आहे तोवर इथंच असू दे," म्हणाले आणि उशीखाली सरकवली.