चार्जर नक्की किती वॉट देतो?

बॅटरीच्या आयकॉनवर विजेचं चिन्ह दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण ते चिन्ह एवढंच सांगतं की वायर जोडलेली आहे. किती वीज येतेय, हे ते सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी दीड महिना गावी राहिलो. ऑफिसची अट एकच: कामाच्या वेळेत ऑनलाइन दिसलं पाहिजे. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निभत होतं, प्रश्न लाइटचा होता. दुपारी तीन तास ती हमखास जायची. सकाळी बॅटरी पूर्ण भरली, तरच माझं गावी राहणं जमणार होतं.

घरात टाइप-सीचे दोन चार्जर. पिन सारखी, ताकद वेगळी. चार्जरवर बारीक अक्षरांत 'आउटपुट' छापलेलं असतं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. फोनच्या चार्जरवर ९ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे २७ वॉट. लॅपटॉपच्या चार्जरवर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट.

पण ही झाली कमाल मर्यादा. खरा आकडा घासाघिशीत ठरतो. यूएसबी पॉवर डिलिव्हरीत सुरुवातीला ५ व्होल्टच येतात. मग चार्जर आपल्याकडचा माल सांगतो: ५, ९, १५, २० व्होल्ट. लॅपटॉप त्यातला हवा तो मागतो. तिसरा भिडू केबल. साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे जायला केबलमध्ये तिची क्षमता सांगणारी चिप लागते.

चार्जर आणि केबलच्या मध्ये बसणारा छोटा मीटर मी सोबत नेला होता. मोठ्या चार्जरवर, साध्या केबलने, तो ५७ वॉट दाखवायचा. त्यातले १५ लॅपटॉप स्वतः खायचा, ४२ बॅटरीला. माझी ५४ वॉट-तासांची बॅटरी दीडेक तासात भरत आली. फोनच्या चार्जरवर बॅटरीच्या वाट्याला जेमतेम १२ वॉट, म्हणजे साडेचार तास. तोवर लाइट गेलेली असायची.

मीटर नसला तरी अंदाज घेता येतो. मॅकच्या सिस्टिम रिपोर्टमध्ये 'पॉवर'खाली चार्जरचे वॉट दिसतात. तो ठरलेला सौदा. लिनक्सवर 'यूपॉवर' ही कमांड बॅटरीत प्रत्यक्ष किती वॉट जातायत ते सांगते.

एका सकाळी मीटर ५७ वरून ४३ वर उतरला. बाबांनी दुसऱ्या पोर्टला त्यांचा मोबाइल लावला होता. दोन्ही पोर्ट वापरले की हा चार्जर ४५ आणि २० असे वाटे करतो.

"म्हणजे एका ताटात दोघं जेवतोय म्हण की," असं म्हणून बाबांनी मोबाइल उचलला आणि छोट्या चार्जरला लावला.

दीड महिन्यात माझी एकही मीटिंग बुडाली नाही. ऑफिसला मी ऑनलाइन दिसत होतो. आईला मी घरात दिसत होतो.