तोंडावर हात

हात तोंडावर नेमका केव्हा गेला, हे त्याला आठवत नाही. समोर दारूचा बंद पडलेला कारखाना होता. भिंतींवर परक्या जगातली झुडपं माजली होती, जवळ गेलं की त्यांच्या गाठी फुटून हवेत बारीक भुकटी पसरत होती. अंगभर बुरशी चढलेला जेफ चार पावलांवर उभा होता. जेफ एके काळी माणूस होता. आता त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. खोकला आला की संपलं. म्हणून डोळ्यांवरच्या हेडसेटखाली, मुठीतल्या कंट्रोलरसकट, त्याने स्वतःचं तोंड दाबून धरलं. खेळातल्या ॲलिक्सचा खोकला थांबला.

'हाफ-लाइफ: ॲलिक्स' हा व्हीआर खेळ २३ मार्च २०२० ला आला. त्याने तो बराच उशिरा, मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलेल्या हेडसेटवर खेळला. सांगण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. मनगटाला झटका दिला की लांबची वस्तू उडत हातात येते. काचेवर मार्करने लिहिता येतं. पिस्तूल भरताना रिकामं मॅगझिन पाडायचं, खांद्यामागून नवं काढायचं, बसवायचं, मग स्लाइड मागे ओढायची. घाबरलेल्या माणसाचे हात जसे चुकतात तसे इथे खरोखर चुकतात. याच मालिकेतला आधीचा भाग, 'एपिसोड टू', ऑक्टोबर २००७ मध्ये ॲलिक्सच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांना मारून संपला होता. तेव्हापासून साडेबारा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाने खरं तर खेळाच्या कथेबद्दल बोलायला हवं. पण हेडसेट परत केल्यावर डोक्यात उरला तो हा एवढा एक हात.

हाताची घडी, तोंडावर बोट.

सांगलीच्या मराठी शाळेत तिसरीच्या वर्गाला ही आज्ञा दिवसातून किती वेळा मिळे, त्याची मोजदाद नाही. आज विचार केला तर ती शब्दशः पाळताच येत नाही. घडी नीट घातली तर दोन्ही पंजे काखेत जातात; बोट कुठून आणायचं? मुलांनी त्यावर तोड काढली होती. डावा हात पोटाशी आडवा, त्यावर उजवं कोपर टेकवलेलं, उजव्या हाताची तर्जनी ओठांवर. साठ मुलं अशी बसत. हे असं कोणी शिकवलं, हे त्याला आठवत नाही. पहिलीत आला तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलाकडे पाहून तो तसा बसला असावा, आणि तो मुलगा आणखी कोणाकडे पाहून.

'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' ही म्हणही त्याला याच काळात भेटली. तिच्यातला हात मात्र दुसऱ्याचा. मारणारा तोच, तोंड दाबणाराही तोच. वर्गात हुकूम दुसऱ्याचा आणि बोट आपलं. आणि जेफसमोर? तिथे दरडावणारं कोणीच नाही. कारखान्यात लपून बसलेला लॅरी नावाचा एक माणूस खोकला कसा आवरायचा ते आधी सांगून ठेवतो, एवढंच. हात आपला, जीव वाचवण्याची इच्छाही आपलीच. तरी तो हात तोंडाशी गेला तेव्हा त्याला ओळखीचा का वाटला? डावा हात पोटाशी नव्हता, त्यात पिस्तूल होतं. आणि पिस्तूल भरायला दोन हात लागतात. तोंड दाबलेलं असेपर्यंत ते भरता येत नाही. जेफला चकवायला बाटली दूर फेकायची तरी पिस्तूल आधी बाजूला ठेवावं लागतं.

म्हणीचा एवढा कीस काढण्याची गरज नसेल. पण तो सोडवत नाही, कारण त्याच्या टोकाला गॉर्डन फ्रीमन आहे.

१९९८ च्या पहिल्या 'हाफ-लाइफ'चा नायक. सत्तावीस वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ, जाड चौकटीचा चष्मा, हातात पहार. ब्लॅक मेसाच्या प्रयोगशाळेत सगळे त्याच्याशी बोलतात आणि तो एक शब्दही उच्चारत नाही. २००४ च्या दुसऱ्या भागात ॲलिक्सही त्याला या अबोलपणावरून चिडवते. खेळणाऱ्याने आपलं उत्तर मनात द्यावं म्हणून ही जागा रिकामी ठेवली आहे, असं जाणकार सांगतात. सांगलीच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन बसणाऱ्या मुलाला हे कारण माहीत नव्हतं. शास्त्रज्ञांचं इंग्रजी त्याच्या डोक्यावरून निम्मंअधिक जाई. पण गॉर्डनला उत्तर द्यावं लागत नव्हतं, त्यामुळे त्यालाही लागत नव्हतं. जगात कुठेतरी एक माणूस न बोलता हुशार होता, आणि लोक त्याच्यावर विश्वास टाकत होते. बारावीनंतरच्या पहिल्या इंग्रजी तासांमध्ये त्याला याचा केवढा आधार वाटला होता!

ॲलिक्स बोलते. कानातल्या इअरफोनवरून सोबत करणाऱ्या रसेलशी सतत बोलते, घाबरते, हसते, स्वतःलाच धीर देते. तिला आवाज देणारी अभिनेत्री या वेळी बदलली आहे. जुन्या चाहत्याला ते खुपायला हवं होतं, पण खुपलं नाही. तो स्वतःही आता दिवसभर पुण्याच्या ऑफिसात इंग्रजीत बोलतो. मग बोलकी नायिका त्याला जवळची वाटायला हवी. वाटलीही. फक्त जेफच्या खोलीत घोटाळा झाला. खोकला तिला येत होता, त्याला नाही. तोंड त्याने स्वतःचं दाबलं, आणि गप्प ती झाली. मग तो हात कोणाचा होता?

खेळ आला त्याच दिवशी महाराष्ट्रात कोरोनामुळे संचारबंदी जाहीर झाली. त्या दिवसांत जिन्यात कोणी खोकलं तरी दारं बंद होत, आणि सगळ्यांनी रुमालाने तोंड झाकलं होतं. बनवणाऱ्यांनी हा प्रसंग रचला तेव्हा यातलं काहीच घडलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात खेळला असता, तर शाळा आठवलीच नसती, असं त्याला कधी वाटतं. कधी वाटतं, रुमाल बांधतानाही मनात शाळाच असेल.

त्याची मुलगी दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. तिथे 'फिंगर ऑन युवर लिप्स' म्हणतात. घडी गेली, बोट राहिलं. त्याने जेफची गोष्ट सांगितली तेव्हा तिने डोळे मिटून दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबलं आणि श्वास कोंडेपर्यंत तशीच बसली. मग हात काढून विचारलं, "तो गेल्यावर ती काय बोलली?"

शेवटी जेफला कचरा चेपायच्या यंत्रात कोंडता येतं; चिरडायचं की तसंच सोडून जायचं, हे खेळणाऱ्यावर असतं. आपण काय केलं, ते त्याला पक्कं आठवतं. त्यानंतर ॲलिक्स काहीतरी बोलली असणार. पण तेव्हा त्याचा हात अजून तोंडावरच होता, आणि त्याला फक्त बोटांमधून येणारा स्वतःचा श्वास ऐकू येत होता.