सूचकाची सही

विज्ञान अकादमीचा फेलो म्हणून निवड झाल्याचं पत्र आलं, तेव्हा मी ५२ वर्षांचा होतो. पगारात रुपयाची भर पडली नाही. पण पुढच्याच आठवड्यात कुलगुरूंचा फोन आला, आणि हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, ३ वर्षं मागत असलेली खोली महिन्याभरात मिळाली. या मानाचं मोल मला त्या खोलीत कळलं: आपलं म्हणणं लोक ऐकून घेऊ लागतात.

अकादमीत स्वतः अर्ज करता येत नाही. आधीच्या फेलोंपैकी एकाने सूचक व्हायचं, दुसऱ्याने अनुमोदक. फेलोंशी ओळखच नसेल, तर काम कितीही भक्कम असो, नाव पुढे येत नाही.

कोकणातल्या एका कॉलेजातल्या बाई २० वर्षं जांभ्याच्या सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची, गेंद नावाची छोटी फुलझाडं गोळा करत होत्या. ही पठारं पावसाळ्यापुरतीच जागी असतात, म्हणून भर पावसात हिंडायचं. आणि गेंदाची जात ठरवायची तर भिंगाखाली बी तपासायचं, ते मोहरीहूनही बारीक. मीच म्हणालो, "बाई, तुमचं नाव मी सुचवतो." त्यांनी लगेच फाईल पाठवली.

ती वाचून मी कचरलो. पेपर बहुतेक भारतीय नियतकालिकांतले. नाव पडलं तर माझ्या पारखीवर बोट ठेवलं जाईल, ही भीती. कामात मला एकही उणीव दिसली नव्हती, हे आज स्पष्ट लिहितो. "यंदा राहू द्या, आणखी एकदोन पेपर येऊ द्या," असं मी त्यांना कळवलं. पुढच्या वर्षी मुदत टळून गेली. त्यानंतर मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

त्याच वर्षांत मी कॉलेजांमधून गणिती रामानुजनांवर बोलत होतो. १९१८ मध्ये, वयाच्या ३०व्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हे अभिमानाने सांगायचो. त्यामागची, त्यांना केंब्रिजला बोलावणाऱ्या गणिती हार्डींची घाई मात्र कधी सांगितली नाही. रामानुजन आजारी होते. थांबलो तर वेळ निघून जाईल, या धास्तीने हार्डींनी १९१७ सरता सरता त्यांचं नाव पुढे केलं. पहिल्या खेपेला निवड होईल याची खात्री त्यांनाही नव्हती. रामानुजन १९२० मध्ये गेले. ही हकीकत मला पाठ होती, आणि बाईंची फाईल माझ्या टेबलाच्या खणात होती.

बाई निवृत्त झाल्या. त्यांचे नमुने ठेवलेली खोली कॉलेजला हवी होती. गठ्ठे जिन्याखाली गेले, दोन पावसाळ्यांत बुरशीने संपले. त्या फेलो असत्या तर प्राचार्यांनी निदान एकदा विचारलं असतं.

मागच्या जूनमध्ये त्यांचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती. "सर, ती फाईल आहे का हो? कुठला गेंद कोणत्या सड्यावर मिळाला, त्याची हाताने लिहिलेली यादी तिच्यात होती. माझ्याकडे दुसरी प्रत नाही."

खण उघडला. ४१ पानं होती, टाचणी गंजलेली.