आंतरप्रवाही

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हणजे खरं तर अळ्यांसाठी बाग करायची. इन्स्टाग्रामवर झिनियाच्या फुलावर बसलेलं फुलपाखरू दिसतं, पण ते तिथे नुसतं मध प्यायला आलेलं असतं. अंडी घालायला त्याला ठरावीक झाड लागतं, आणि ते झाड त्याची पोरं खाऊन फस्त करणार असतात. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन. हळदीकुंकवावर प्लेन टायगर. पानफुटीवर रेड पिएरो, जिची अळी पानाच्या दोन सालींच्या मधे राहते आणि आतला गर खात पुढे सरकते. पान उजेडात धरलं तर आत ती हलताना दिसते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या टेरेसवर माझ्याकडे हे सगळं आहे, आणि एकही पान धड नाही. शेजारच्या काकू दर वेळी विचारतात, "औषध मारत नाहीस का गं?"

नाही मारत, कारण बहुतेक औषधं मला हवी ती अळी आणि नको तो मावा यांत फरक करत नाहीत.

हळदीकुंकवावरचा मावा हळदीच्याच रंगाचा असतो, काळ्या पायांचा. कोवळा शेंडा, कळ्या, शेंगा यांवर दाटीवाटीने बसतो. सगळ्या माद्या, नराची गरज नाही, अंडी नाहीत, थेट पिल्लं. जन्मलेली पिल्लू-मादी आठवडाभरात स्वतः पिल्लं द्यायला लागते. तो रस पितो आणि मागून गोड चिकटा सोडतो, चिकट्यावर काळी बुरशी येते, आणि तो खायला येणाऱ्या मुंग्या माव्याची राखण करतात.

थंडीत हा कारभार जरा सैल पडतो, निदान पडायचा. कीटकांची वाढ किती दिवस गेले यापेक्षा किती उष्णता साठली यावर ठरते. प्रत्येक किडीचं एक किमान तापमान असतं. त्याच्या वर गेलेली डिग्री मीटरमध्ये जमा होत राहते, मीटर भरला की पुढची पिढी तयार. शेतीशास्त्रात याला डिग्री-डे म्हणतात. पुण्यात रात्री दहा-अकरावर उतरल्या की मीटर रेंगाळतो. पण डिसेंबर २०२२ हा भारतात १९०१ पासूनचा सर्वांत उबदार डिसेंबर ठरला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवसाच्या तापमानाने १९०१ पासूनचा उच्चांक गाठला. त्या हिवाळ्यात (म्हणायचं म्हणून हिवाळा) माझ्याकडे मावाही थांबला नाही आणि अळ्याही. एरवी जानेवारीत अळ्या कमी असतात, तेव्हा झाडं छाटून, धुऊन घेता येतात. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर त्या वर्षी मेंटेनन्स विंडोच मिळाली नाही.

इथे कुणीतरी "नीम ऑइल मार ना, नॅचरल आहे" म्हणतंच. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन किडीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. फुलपाखराची अळीही मोठी होताना कात टाकतच मोठी होते. 'नॅचरल' हा शब्द माणसासाठी दिलासा असेल, अळीला त्याचा काही उपयोग नाही.

मग उरतं हाताने करायचं काम. सकाळी स्टँडअप मीटिंगच्या आधी वीस मिनिटं. आधी प्रत्येक पान उलटून बघायचं. प्लेन टायगरचं अंडं पांढरं, एकेकटं, बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला असतं. अंडी-अळ्या असलेली फांदी सोडायची, बाकीच्या शेंड्यांवर पाइपच्या तोंडावर बोट धरून पाण्याचा जोर मारायचा. जिथे पाणी मारता येत नाही तिथे अंगठा आणि तर्जनी. बोटं पिवळी होतात. तपकिरी, फुगलेला, निश्चल मावा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, त्याच्या आत परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं आणि ते आपलं काम फुकटात करतंय. मुंग्या चढू नयेत म्हणून कुंड्या पाण्याच्या ताटलीत ठेवल्या आहेत, ते पाणी डासांमुळे दर दोन दिवसांनी ओतावं लागतं. आणि नर्सरीतून आणलेलं नवं रोप दोन महिने किचनच्या गॅलरीत वेगळं.

ही शेवटची गोष्ट मला अण्णांनी शिकवली. अण्णांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. फवारणीची औषधं दोन जातीची, असं ते सांगतात. स्पर्शजन्य, म्हणजे लागेल त्याला मारणारं. आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात शिरणारं. आंतरप्रवाही औषध वरून धुऊन जात नाही. पान चकचकीत दिसतं आणि खाणारा मरतो.

त्या जानेवारीत अण्णा दोन दिवस आले होते. चहाचा कप घेऊन टेरेसवर फिरले, कुरतडलेल्या कढीपत्त्याकडे बघून काही बोलले नाहीत. जास्वंदीपाशी थांबले. फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं होतं.

"हा तर आपलाच पिठ्या हाय की गं."

खरोखर तोच. जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण आणि द्राक्षावरचा, एकच कीड. कडक थंडीत तो द्राक्षाच्या सालीखाली गप्प असतो. ऊब वाढली की वर निघतो आणि घडात शिरतो. एकदा घडात शिरला की औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, चिकट्याने मणी काळे पडतात आणि माल एक्स्पोर्टऐवजी मिळेल त्या भावाला जातो.

मी जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून त्यांना दाखवला. त्यांनी तो घेतला आणि सगळी जास्वंद घासून काढली, पाऊण तास. मग म्हणाले, "हे एक झाड झालं. आपली तीन एकर हाय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. माझ्या टेरेसवर कशावरही कर्ज नाही. कढीपत्ता संपला तर कोपऱ्यावर दहा रुपयांत जुडी मिळते. फवारणी न करणं ही मला परवडणारी गोष्ट आहे, तिला तत्त्व म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच फेब्रुवारीत औषधाच्या दुकानाचं बिल अण्णांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं, आणि दर वर्षीसारखे मी यूपीआयने पैसे भरले. एका हाताने इथे टूथब्रश, दुसऱ्या हाताने तिकडे ब्लोअरची टाकी.

फेब्रुवारीच्या शेवटी जास्वंदीवर पिठ्या ढेकणासारखीच, पण दुप्पट-तिप्पट मोठी, मेणाच्या झालरीची पांढरी अळी दिसली. ती पिठ्यांमध्येच भराभर चालत होती, आणि पिठ्या असा चालत नाही. मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा जवळ नेला.

"त्याला मारू नको," अण्णा म्हणाले. "क्रिप्टो हाय त्यो, नाहीतर त्याचा भाऊबंद. पिठ्या खातो. वर जाऊन ढालकिडा हुतोय त्याचा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्याकडं सोडले हुते की एकदा. डब्यातनं आणलेले."

"मग?"

"मग काय. ढग आले, फवारा मारला."

मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ते म्हणाले, फोन ठेव, टाकी भरायचीय. मग पुन्हा म्हणाले, ते किती हायेत तेवढं मोजून सांग मला रातच्याला.

मी मोजले. अकरा होते.