कोमट पाण्याची गोष्ट

नाशिक, २१ सप्टेंबर

चि. चिमू,


गेल्या वर्षी वाइनसाठी प्लमचा रस नुसताच झाकून ठेवलास, तर त्याला नेलपॉलिशचा वास आला. यंदा यीस्टचं पाकीट आणून तळघरातल्या गार रसावर भुरभुरलंस, तर चार दिवस ढिम्म. फोनवर मी हसलो, कारण यातल्या दुसऱ्यासारखाच घोळ मी वायनरीत पगारी नोकरीत असताना घातलेला आहे.

आधी वासाचं. फळाच्या सालीवरची पांढुरकी झाक म्हणजे यीस्ट, असं पुष्कळजण सांगतात. ती बहुतांशी मेणाची असते. सालीवर यीस्ट असतं, पण रानटी. वाइनचं खरं यीस्ट, सॅकरोमायसिस, तिथे औषधालाही सापडणं मुश्कील. रानटी मंडळी जोरात सुरुवात करतात, चार-पाच टक्के अल्कोहोल झालं की माना टाकतात आणि मागे इथिल अ‍ॅसिटेट ठेवून जातात. तोच तो नेलपॉलिशचा वास. कधीकधी सॅकरोमायसिस मागून येऊन डाव सावरतं. तुझ्याकडे ते फिरकलं नाही.

हा जुगार मोडला तो बिअरवाल्यांनी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि १८८३ साली ते कामाला लावलं. पुढे वाइनवाल्यांनीही तोच रस्ता धरला. पण जिवंत यीस्ट बाटलीतून सांभाळत नेणं जिकिरीचं. वाळवलेलं वाइन यीस्ट बाजारात आलं ते १९६०च्या दशकात. तुझं पाच ग्रॅमचं पाकीट त्याच वंशातलं.

दुकानदाराने ईसी-१११८ दिलं ते काही वाईट नाही. शॅम्पेनकडचं वाण, १८ टक्क्यांपर्यंत तग धरतं, हट्टी घोड्यासारखं कुठेही चालतं. फळाचा गंध खुलवणं मात्र त्याचं काम नव्हे. मी असतो तर ७१बी घेतलं असतं. प्लमचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा, आणि हे वाण त्यातलं थोडं खाऊन टाकतं. वाइन लवकर मऊ होते, फळही जिभेवर राहतं. पावाचं यीस्ट मात्र आणू नकोस. ते तळाशी नीट बसत नाही, वाइन गढूळच राहते.

आता मुख्य गोष्ट. वाळलेल्या पेशीचं आवरण सुकून सुरकुतलेलं असतं. पाणी शोषून ते पूर्ववत होईपर्यंतची पहिली काही मिनिटं ती गळक्या मडक्यासारखी असते. पाणी गार असेल तर आतला ऐवज बाहेर वाहून जातो आणि पेशी मरते. तुझी बरीचशी तशीच मेली. म्हणून ५० मिली स्वच्छ पाणी ३५ ते ४० अंशांवर आण, त्यावर यीस्ट भुरभुर, पंधरा मिनिटं हात लावू नकोस, मग हलक्या हाताने ढवळ. आजी दह्याला विरजण लावताना दुधात करंगळी बुडवायची ना, तोच हिशेब. पण तू करंगळीवर विसंबू नकोस.

इथवर मलाही येत होतं, वायनरीतला माझा घोळ झाला तो पुढे. चेनिन ब्लांकचा रस टाकीत १४ अंशांवर होता, माझं यीस्ट बादलीत ३८ वर छान फेसाळलेलं. घाई होती, बादली तशीच उपडी केली. चार दिवस टाकी गप्प. आमचे वाइनमेकर ओरडले नाहीत. त्यांनी खिशातला थर्मामीटर काढून माझ्या खिशात घातला. ते जास्त लागलं. बादली आणि रस यांत दहा अंशांहून जास्त फरक नको. दर पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे रस बादलीत घालत जायचं, फरक आटोक्यात आला की मग ओतायचं. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात उरक, नाहीतर जागं झालेलं यीस्ट उपाशी बसतं.

यीस्टचं खाद्यही आण, प्लममध्ये नायट्रोजन तोकडा असतो. ते रसात घाल, कोमट पाण्यात नव्हे. खाद्य कमी पडलं तर सडक्या अंड्याचा वास सुटेल आणि तू पुन्हा मला फोन करशील.

तुझा यंदाचा रस ओतून टाकू नकोस. वर बुरशी नसेल आणि वास बरा असेल तर नव्या पाकिटाने उठेल. टब तळघरातून वर आण, रस १८-२० अंशांवर येऊ दे. थर्मामीटर घे, रसाचं आणि पाण्याचं तापमान मला कळव, आणि मगच पाकीट फोड.

तुझा,
मामा