माळकरी घरातला होकार

अवयवदान समन्वयक म्हणून मी नातेवाइकांसमोर बसते ती त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट घटकेला. चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून रुग्ण मेंदूमृत असल्याचं प्रमाणित केलेलं असतं. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार हा मृत्यूच. पण व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, अंग ऊबदार असतं. आणि वेळ कमी असतो, कारण मेंदू गेल्यावर रक्तदाब कधी कोसळेल याचा नेम नसतो.

सुरुवातीला मला वाटायचं, माहिती नीट दिली की माणसं होकार देतात. हा समज एका शिक्षकामुळे गेला. ते जीवशास्त्र शिकवायचे. मेंदूमृत्यू म्हणजे काय, हे त्यांना समजावण्याची गरजच नव्हती. सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं पटतं. पण आईला मी अख्खीच निरोप देणार." त्यांच्या नकारात अज्ञानाचा लवलेश नव्हता. आईच्या देहाशी मुलाचं जे नातं असतं, त्यातून तो आला होता.

सातारा जिल्ह्यातलं एक कुटुंब आलं तेव्हा, नुसत्या माहितीने होकार मिळत नाही, हे मनात पक्कं होतं. मोटारसायकलवरून पडलेला तरुण, विवाहित मुलगा. आईवडील दोघेही माळकरी, वर्षानुवर्षं पायी वारी करणारे. मुलाच्याही गळ्यात तुळशीची माळ होती. आयसीयूत ती काढून एका पाकिटात आईच्या हाती दिलेली. आई ते पाकीट घट्ट धरून म्हणाली, "माळकऱ्याच्या अंगाला सुरी लावायची?"

माझा नवखा सहकारी हळूच म्हणाला, अपघाताची केस आहे, पोस्टमॉर्टेम तर होणारच, तेच सांगू या. पोलिसांनी ते घरच्यांना आधीच सांगितलं होतं. पण होकार मिळवण्यासाठी ते आईच्या अंगावर टाकायचं, हे मला मान्य नव्हतं. तिचा प्रश्न धर्माचा होता. त्याला कागदोपत्री उत्तर देऊन तिला गप्प करण्याचा अधिकार मला नव्हता.

एका नातेवाइकाने वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, "सुनेला काही मदत मिळंल का यातनं?" अवयवांसाठी पैसे घेणं-देणं गुन्हा आहे, हे मी सांगणार तोच वडील म्हणाले, "दान म्हणायचं अन् भाव करायचा?" मग ते पत्नीशेजारी जमिनीवर बसले. "वारीत आपण अनोळखी दारात जेवलो. त्यांनी कुठं आपलं नाव विचारलं? आता आपल्या दारात कोण आलंय ते आपण तरी का विचारायचं?"

तीच माळ, तोच विठोबा. आईला त्यातून देहाचं पावित्र्य दिसत होतं, वडिलांना अन्नदानासारखं दान. दोघांचीही श्रद्धा खरी होती. आई बराच वेळ बोलली नाही. मग सुनेकडे वळून म्हणाली, "तू सांग, बाई. तो काय म्हणला असता?" तोवर सुनेला कुणीही काही विचारलं नव्हतं. कायद्याने पत्नी जवळची नातेवाईक. तिचा शब्द महत्त्वाचा. ती म्हणाली, "त्यांनी दारातल्या माणसाला कधी नाही म्हटलं नाही."

मूत्रपिंडं आणि यकृत द्यायचं ठरलं. डोळ्यांना आईने नकार दिला. "डोळे त्याचे त्याच्यापाशी राहू देत." संमतीपत्रात प्रत्येक अवयवाची वेगळी नोंद असते. डोळ्यांपुढे मी नकार लिहिला आणि तो तिला वाचून दाखवला. बुबुळांची वाट पाहणारी माणसंही माझ्या डोळ्यांसमोर होती. तरीही मी आग्रह केला नाही. दबावाखाली दिलेलं ते दान नव्हे, हे माझं स्वतःचं मूल्य आहे, आणि त्या क्षणी माझाही निर्णय त्यानेच घेतला.

इतक्या थोड्या वेळात कुणाची श्रद्धा बदलत नाही, आणि बदलूही नये. माणूस आपल्या जुन्याच श्रद्धेत नव्या प्रश्नाचं उत्तर शोधतो. म्हणून अवयवदानाचं प्रतिज्ञापत्र भरणाऱ्यांना मी कळकळीने सांगते: कागद फाइलमध्ये ठेवून थांबू नका, कारण तुमच्यामागे प्रत्यक्षात घरच्यांनाच विचारलं जातं. तुम्हाला काय पवित्र वाटतं, काय द्यावंसं वाटतं आणि का, हे धडधाकट असताना, जेवायला बसल्यावर बोला. त्या सुनेला नवऱ्याचं मन माहीत होतं, म्हणून ती उत्तर देऊ शकली. आपल्या माणसांनाही तेवढा आधार आपण द्यायलाच हवा.